सोडतीतला वर्ग

लातूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरा वर्षं गणित शिकवलं. आमच्या 'अ' तुकडीत पंच्याण्णव टक्क्यांखालचं पोर दिसायचं नाही. मग जे-१ व्हिसावर नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या गावात, चार्टर हायस्कूलमध्ये शिकवायला आले. भोवती कापसाची शेतं पाहून पहिला आठवडा मराठवाड्यातच असल्यासारखं वाटलं. मार्चमध्ये प्रवेशाची सोडत पाहिली आणि तो भ्रम फिटला.

चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी नसते. कारभार मात्र स्वतंत्र मंडळाकडे. करारात कबूल केलेलं साधलं नाही तर शाळा बंदही पडते. अमेरिकेतला असा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ साली केला, नॉर्थ कॅरोलायनाने १९९६ साली. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत. आपल्याकडे म्हाडाची घरं निघतात, तसे इथे नववीचे प्रवेश निघतात.

त्या संध्याकाळी नातवाचा नंबर प्रतीक्षा यादीत गेलेल्या एका आजींनी मला गाठलं. "मिस, वर सरकायला त्यानं काय अभ्यास करावा?"

लातुरात या प्रश्नाला माझ्याकडे कायम उत्तर तयार असे. इथे म्हणावं लागलं, "काहीच नाही."

ऑगस्टमध्ये एक जागा रिकामी झाली आणि तो माझ्या वर्गात आला. अपूर्णांकांची वजाबाकी करताना छेदातून छेद वजा करणारा. अशी निम्मी पोरं होती, आणि शाळेचं वचन होतं, प्रत्येकाला कॉलेजपर्यंत न्यायचं. मी रोज सातला शाळेत हजर राहू लागले. आधी चिडून, नंतर सवयीनं.

बारावीत कळलं, प्रवेश मिळणं हा अर्धाच डोंगर. ऑक्टोबरपासून फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज. त्यात पालकांच्या प्राप्तिकराचे आकडे लागतात. कित्येक घरांत ते कागद कोणी एका जागी ठेवलेलेच नसतात. मग वसंतात कॉलेजांची मदतपत्रं येतात. त्यांत अनुदान आणि कर्ज एकाच रकान्यात, खाली घसघशीत बेरीज. वाचणाऱ्याला वाटावं, सगळं फुकटच.

तो दोन पत्रं घेऊन आला, आजीसह. एक लांबच्या खासगी कॉलेजचं, जाड गुळगुळीत कागदावर. दुसरं सरकारी विद्यापीठाचं, साधं. मी फक्त लाल पेन पुढे केलं. त्याने दोन्हींतली कर्जं खोडली, उरलेलं अनुदान खर्चातून वजा केलं. गुळगुळीत कागदाचं कॉलेज वर्षाला कितीतरी महाग निघालं.

आजींनी विचारलं, "बरोबर आहे ना, मिस?"

मी तपासायला कागद ओढला, तर तो म्हणाला, "दोनदा करून पाहिलंय."

लातूरच्या आमच्या फलकावर दरवर्षी गुणवंतांचे फोटो लागत. त्यांतली किती पोरं मी घडवली आणि किती घडूनच आली होती, ही वजाबाकी मी कधी केली नव्हती.