नितळ पाण्याचा उपास

एप्रिल 2015मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाच्या ट्रॅव्हर्स सिटी तळावरून नेहमीची हवाई गस्त निघाली होती. लेक मिशिगनवरचं बर्फ नुकतंच वितळलेलं, वारा पडलेला. खाली पाणी असं काही नितळ होतं, की शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बुडालेली जहाजं आकाशातूनच दिसू लागली. ‘जेम्स मॅकब्राइड’ हे 1857च्या ऑक्टोबरात वाळूत रुतलेलं शिडाचं जहाज. ‘रायझिंग सन’ ही 1917 साली फुटलेली लाकडी आगबोट. तिच्यावरचे 32 जण वाचले होते. दलाने हे फोटो प्रसिद्ध केले आणि ते जगभर फिरले. माझ्याही डोक्यात ते तेव्हापासून ठाण मांडून बसले होते.

तो किनारा गाठायचा तर एम-22 हा रस्ता धरावा लागतो. मिशिगन राज्याच्या दक्षिण द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाला तलावाच्या कडेकडेने चेरीच्या बागांतून तो जातो. स्लीपिंग बेअरचे वाळूचे डोंगर लागले, की गाडी लावून वर चढायचं. कड्यावरून पाणी सुमारे 450 फूट खाली. काठाशी पोपटी, मग फिरोजी, मग एकदम गर्द निळं. हा तलाव आहे, समुद्र नव्हे, हे स्वतःला बजावावं लागतं. 58 हजार चौरस किलोमीटरच्या पसाऱ्यात पलीकडचा काठ दिसत नाहीच. रंग मात्र अंदमानचा.

पाण्यात उतरणाऱ्यांना हा रंग सुखावतो. डाइव्हिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या इथल्या एका दुकानदाराच्या मते खरा हंगाम मेअखेर ते जून. त्याचं गणित सोपं आहे. वसंतात वरपासून खालपर्यंत पाणी सारखंच गार, साधारण चार अंशांच्या आसपास. शेवाळ वाढलेलं नसतं, त्यामुळे नजर लांब जाते. पण ड्रायसूट नसेल तर माणूस काकडून जातो. जुलैपासून वरचा थर तापतो, खालचा गारच राहतो, आणि मधल्या सीमेवर पाणी तेलकट काचेसारखं थरथरताना दिसतं. उन्हाळा सरता सरता कधी कधी पाण्यातला चुना साकळतो आणि सगळा किनारा दुधाळ होतो. वादळ झालं की दोन-तीन दिवस घरीच बसायचं. म्हणजे ‘पाणी कसं आहे?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आठवड्यागणिक बदलतं.

दशकागणिक झालेला बदल त्याहून मोठा आहे. जुने डाइव्हर सांगतात, की पूर्वी जहाजाचा एक कठडा हाताने चाचपत पुढे सरकावं लागे. आता वरून दोरी धरून उतरतानाच अख्खं जहाज नजरेत मावतं. याचं थोडं श्रेय माणसाला आहे. 1972च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर सांडपाण्यातला फॉस्फरस कमी झाला आणि शेवाळाचं खाद्य घटलं. उरलेली किमया नखाएवढ्या शिंपल्यांची.

झेब्रा आणि क्वागा ही त्यांची नावं. दिसायला आपल्या कोकणातल्या शिनाण्यांची चिमुकली आवृत्ती, पण खाण्याच्या कामाची नाही. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातून मालवाहू जहाजांच्या तोल राखण्याच्या टाक्यांतल्या पाण्याबरोबर ते आले. झेब्रा 1988 साली लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला. पाठोपाठ आलेल्या क्वागाने त्याला बहुतेक ठिकाणी हटवलं, कारण क्वागाला खडकही लागत नाही आणि ऊबही. शंभर मीटरखालच्या गार चिखलातही तो सुखाने नांदतो. एक शिंपला दिवसाला लीटरभर पाणी गाळतो, आणि तळावर ते अब्जावधींनी पसरलेत. वसंतात वरखाली घुसळणारं पाणी त्यांच्यासमोर आपणहून येतं. त्यामुळे लेक मिशिगनमध्ये दर वसंतात येणारा सूक्ष्म वनस्पतींचा बहर जवळजवळ नाहीसाच झाला. उपग्रहांच्या नोंदी सांगतात, की इथल्या पंचमहासरोवरांत (ग्रेट लेक्स) सर्वांत स्वच्छ म्हणून नावाजलेल्या लेक सुपीरियरपेक्षाही आता मिशिगन आणि शेजारचं ह्युरन जास्त पारदर्शक झालेत.

हे पाणी स्वच्छ कमी आणि उपाशी जास्त आहे.

त्याच किनाऱ्यावरच्या लेलंड गावाच्या जुन्या कोळीवाड्यात, फिशटाउनमध्ये, ते कळतं. करड्या पडलेल्या लाकडी खोपटांतून धुरावलेल्या व्हाइटफिशचा वास दरवळत असतो. पण व्हाइटफिशची पिल्लं आता फारशी मोठी होतच नाहीत, कारण जन्मल्या जन्मल्या त्यांना जे सूक्ष्म जीव हवेत, त्यांचंच खाद्य शिंपल्यांनी आधी गाळून घेतलेलं असतं. पलीकडे लेक ह्युरनमध्ये 2003-04च्या सुमारास एलवाइफ माशांची संख्या कोसळली आणि त्यांच्यावर जगणारा चिनूक सामनही गेला. बंदराबंदरांतला सामनचा धंदा बसला.

भाला घेऊन बुडी मारणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मिशिगन राज्याने अलीकडे लेक मिशिगन आणि ह्युरनच्या काही भागांत वॉलाय, नॉर्दर्न पाइक आणि लेक ट्राउट हे मासे पाण्याखाली भाल्याने मारायला मुभा दिली. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. पारदर्शक पाणी म्हणजे सोपी शिकार, असं बाहेरच्याला वाटतं. पण जितक्या लांबून शिकाऱ्याला मासा दिसतो, तितक्याच लांबून माशालाही शिकारी दिसतो. त्यात वॉलायच्या डोळ्यांत मांजरासारखा चमकणारा पडदा असतो. अंधुक उजेडात त्याचं राज्य, लख्ख ऊन त्याला सोसवत नाही. पाणी नितळलं तसा तो दिवसा खोल उतरला. म्हणून हे लोक खडकाआड श्वास रोखून पडून राहतात आणि आभाळ भरून आलं की खूश होतात.

राज्य आडवं ओलांडून अल्पिनाला गेलं, की लेक ह्युरनचा थंडर बे लागतो. 2000 साली इथे बुडालेल्या जहाजांसाठी राष्ट्रीय अभयारण्य झालं आणि 2014मध्ये ते अनेक पटींनी वाढवलं गेलं. काचेच्या तळाची बोट प्रवाशांना उथळ पाण्यातल्या जहाजांवर नेते. ‘मोनोहॅन्सेट’ 1907 साली जळून बुडाली, ती जेमतेम सहा मीटरांवर आहे. खोलातली ‘कॉर्नेलिया बी. विंडिएट’ 1875ची, पन्नास मीटरांहून खाली तिच्या डोलकाठ्या अजून उभ्या आहेत. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात नाही, आणि गारठ्यात कुजणंही मंदावतं.

पण इथेही शिंपल्यांनी गाठलंच. पूर्वी जहाजं उघडी होती आणि पाणी अंधूक. आता पाणी उघडं आहे आणि जहाजं शिंपल्यांच्या गोधडीखाली. नाव कोरलेली फळी, सुकाणूचं चाक, सगळ्यावर थर. शिवाय त्या थराखाली लोखंडी खिळे लवकर गंजतात. लेक सुपीरियरमध्ये मात्र शिंपल्यांना कवच बांधण्यापुरतं कॅल्शियम नाही, म्हणून तिथली जहाजं बरीचशी उघडी राहिली आहेत.

आपणही या गोष्टीपासून फार दूर नाही. याच कुळातला मायटिलॉप्सिस नावाचा शिंपला 1960च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि पुढे मुंबईच्या गोदीतही रुजला. तो मचूळ पाण्यात राहतो, हे आपल्या धरणांचं नशीब.

मिशिगनला जाणार असाल तर जूनचा पहिला पंधरवडा धरा, जाड सूट घ्या आणि बुडालेल्या जहाजावरचा खिळासुद्धा उचलू नका. तो कायद्याने गुन्हा आहे. आणि एका तलावातून दुसऱ्यात उतरण्याआधी सूट, फिन्स, बोटीचा तळ धुऊन खडखडीत वाळवा. या शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओल्या सामानातून सहज पुढच्या पाण्यात पोचतात.