दाजींचा हॅश

गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. ताईचं घर म्हणजे पोलीस लाइनीतल्या दोन खोल्या. दाजी फौजदार, वय वर्षे सत्तेचाळीस. भाचीच्या बारावीच्या पुस्तकांशेजारी अजून एक गठ्ठा दिसला. मला वाटलं तिचाच. तर नाही, दाजींचा! एम.ए., गुन्हेगारीशास्त्र, भाग एक. "या वयात कशाला?" असं तोंडात आलं होतं, पण ताईने डोळे वटारले.

मटण संपायच्या आधीच दाजी म्हणाले, "इंजिनियर, ते हॅश म्हणजे काय ते एकदा नीट सांग. पाठ झालंय, पण डोक्यात शिरत नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच घरी कुणीतरी मला माझ्या कामाचं काही विचारत होतं :)

त्यांना ते लागतं कारण 1 जुलै 2024 पासून पुराव्याचा जुना कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम 63 प्रमाणे सीसीटीव्हीची नक्कल कोर्टात द्यायची तर सोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा. पूर्वीही 65-ब होतंच. 2020 साली जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, म्हणजे खोतकर-गोरंट्याल खटल्यात, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ उपकरण हजर करत नसाल तर हे प्रमाणपत्र पाहिजेच.

मी लॅपटॉप उघडला. भाचीचा एक व्हिडिओ घेतला, हॅश काढला. चौसष्ट अक्षरं. फाइलचं नाव बदललं, हॅश तोच. दाजी खूश. मग शेवटचा एक सेकंद कापला, तर सगळी ओळच वेगळी! मग मूळ व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवला आणि उतरवून पुन्हा काढला. दिसायला तोच व्हिडिओ, हॅश निराळा.

दाजी एकदम गप्प झाले.

2016 ची गोष्ट. तेव्हा ते हवालदार होते. एका आजींचं मंगळसूत्र हिसकावलं होतं. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पोरगा स्वच्छ दिसत होता. दाजींनी काय केलं, तर दुकानदाराला मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करायला लावलं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलं. सगळेच तसं करायचे. पंधरा दिवसांत डीव्हीआरवर नवीन चित्रण चढलं, मूळ गेलं. प्रमाणपत्र नाही, मूळही नाही. पोरगा सुटला. कोर्टाबाहेर आजी एवढंच म्हणाल्या, "साहेब, दिसत होता की तो."

"ट्रेनिंगला आम्हाला परेड शिकवली, कायदा शिकवला," दाजी म्हणाले. "हे कुणी सांगितलंच नाही रे."

मला वाटतं त्या एका वाक्यासाठी हा माणूस एम.ए. करतोय. बढतीसाठी तर नाहीच, तसं ते स्वतः सांगतात. गेल्या वर्षी एक पेपर बुडाला, कारण त्या दिवशी विसर्जनाचा बंदोबस्त होता. नव्या कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, पण त्याची सोय करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. आणि तज्ज्ञ आले तरी आधी पोचणार दाजीच. बुटाच्या ठशावरून अख्खी गल्ली चालून जाऊ नये हे त्यांनीच बघायचं.

जाता जाता एक तक्रार. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी5 आणि एसएचए1 चेही चौकोन आहेत. अहो, पहिलं 2004 मध्ये फुटलं, दुसरं 2017 मध्ये! दाजींना म्हटलं, तुम्ही आपली 256 वरच खूण करा. त्यांनी लाल पेनाने वहीत लिहून घेतलं.

साडेतीनला ठाण्यातून फोन आला. युनिफॉर्म चढवून दाजी दारात थांबले. "दहा मार्कांना किती लिहायचं रे?"

"दोन पानं बास, दाजी."

"दोनच? माझा पंचनामा सहा पानांचा असतो," म्हणत बुलेटला किक मारून गेले.