उन्हाळ्यातली उमेदवारी

परदेशाहून परत आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात भेटू नये, असे माझे मत आहे. त्या आठवड्यात तो फक्त विमानतळ, स्वच्छता आणि आगगाड्यांचा वक्तशीरपणा यांविषयी बोलतो. दुसऱ्या आठवड्यात तो जेवणाच्या हालांवर येतो. खरे प्रवासवर्णन सुरू होते ते बॅगेतली चॉकलेटे वाटून संपल्यावर.

म्हणून माझ्या वर्गमित्राची मुलगी जपानहून आली तेव्हा मी मुद्दाम थांबलो. ही मुलगी किल्लारीची. अकरावी-बारावीला ती लातूरला आमच्याच महाविद्यालयात होती. वर्गात मला सर म्हणे आणि रविवारी घरी जेवायला आली की काका. आता ती पुण्याला स्थापत्य अभियांत्रिकी शिकते, आणि यंदाच्या उन्हाळ्यात दोन महिने कोबे शहरी इंटर्नशिपला जाऊन आली. तिच्या आजींच्या जिभेवर हा शब्द काही केल्या बसेना. ‘उमेदवारी हो,’ मी म्हणालो. त्यांना तात्काळ उमगले. गावातल्या सुताराकडेही पोरे उमेदवारीला राहतच होती. त्यासाठी विमानात बसावे लागत नव्हते, इतकेच.

फोटो पुष्कळ होते. हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला, क्योटोची देवळे, नाराची ती प्रसिद्ध हरणे. एका हरणाने हिच्या हातातला नकाशाच खाल्ला. पण तिने सगळ्यांत जास्त फोटो काढले होते ते पाण्याच्या नळांचे! बागेत नळ, शाळेच्या आवारात नळ, आणि तोटी फिरवली की पाणी. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी ज्याने प्यायले आहे, त्या लातूरकराला यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.

कोबेच का, हे मात्र तिने निघताना कोणाला सांगितले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून गाव निजले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता ६.२, आणि जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्यानंतर सोळा महिनेही झाले नव्हते, तोच १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे हादरले. तिथे ६,४३४ माणसे गेली. दोन्हीकडे माणसे अंथरुणातच सापडली.

तिची उमेदवारी एका प्रयोगशाळेत होती. छोटी लाकडी घरे हलवायची आणि ती कशी पडतात याचे आकडे मांडायचे. कोबेजवळ मिकी येथे वीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद असे एक प्रचंड थोरले मेज आहे. त्याच्यावर खरेखुरे घर उभे करून भूकंपासारखे हलवतात. तेही ती पाहून आली. कोबेतली जुनी घरे लाकडाची, पण वादळात छप्पर उडू नये म्हणून त्यांच्यावर जड कौले, तीही मातीत बसवलेली. भूकंपात खालचे खांब मोडले आणि छप्पर सरळ खाली आले. हे ऐकताना मला आमची माळवदे आठवली. उन्हापासून आडोसा म्हणून दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडे, आणि त्यांच्यावर पावसाळा गळू नये म्हणून दर साल नवी पांढरी माती. एकाने वाऱ्याला भिऊन डोक्यावर ओझे चढवले, दुसऱ्याने उन्हाला आणि पावसाला.

सुट्टीच्या दिवशी ती हिंडली, तेही असेच. बंदरावर मेरिकेन बागेत भूकंपाने फोडलेला धक्क्याचा एक तुकडा तसाच ठेवला आहे, कलंडलेल्या दिव्यांसकट. आवाजी बेटावर जमीन जिथे फाटली, तिथे १४० मीटर भेगेवर छप्पर घालून संग्रहालय केले आहे. बेटाकडे नेणारा आकाशी पूल बांधून होत असतानाच भूकंपाने त्याचे मनोरे जवळजवळ एक मीटर लांब सरकवले. तेवढा पूल वाढवून घेतला आणि १९९८ साली वाहतुकीला खुला केला. याला म्हणतात चिकाटी! आपल्याकडे एक मीटरसाठी किती समित्या बसल्या असत्या, ते वाचकांनीच ठरवावे.

कोबेच्या भूकंप-संग्रहालयात ‘कातारिबे’ असतात. कातारिबे म्हणजे सांगणारे. स्वतः त्या पहाटेतून वाचलेली म्हातारी माणसे येऊन बसतात आणि शाळेतल्या मुलांना आपली हकिगत सांगतात. अशाच एका बाईंनी हिला विचारले, तू कुठली? दुभाष्यामार्फत हिने किल्लारीचे सांगितले. बाईंनी हात जोडले, आणि लगेच दुसरा प्रश्न केला: तुमच्या गावात कोण सांगते?

हिला उत्तर देता आले नाही. हिच्या घरात कोणी सांगत नाही. तिचे आजोबा त्या पहाटे गेले. तिचा बाप तेव्हा चौदा वर्षांचा. पुढे वसतिगृहात तो आणि मी एका खोलीत राहत होतो, म्हणजे सामान एका खोलीत होते. तो निजायचा बाहेर, व्हरांड्यात, थंडीतसुद्धा. कारण सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून ते कोणी काढत नसे. सरकारने बावन्न गावे नव्या जागी वसवली. जमिनीच्या मानाने अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरे दिली. शास्त्रज्ञांनी किल्लारीच्या खडकाला ६१७ मीटर खोल भोक पाडून आतला दगड काढला आणि तपासला. आजी त्याच गावात होत्या.

ऑगस्टमध्ये मी किल्लारीला गेलो तेव्हा मुलगी वही घेऊन आजींपुढे बसली होती. मित्र दारात उभा होता, आत नाही, बाहेर नाही.

‘त्यांचं किती वाजता झालं?’ आजींनीच सुरुवात केली.

‘पहाटे पावणेसहाला.’

‘मग उजाडायलाच आलं असंल.’

‘नाही आजी. तिथं जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो.’

‘अगं बया! म्हंजे अंधार, आन् वर थंडी.’ त्या गप्प झाल्या. मला वाटले, झाले एवढेच. मग म्हणाल्या, ‘आमच्याकडं पाऊस लागला. लाकडं भिजली. पेटंनात.’

मुलगी लिहू लागली. आजी बोलत राहिल्या. आधीच्या साली धरणी गुरगुरायची त्याचे, गणपतीच्या मिरवणुकीचे, कोणाची गाय दावे तोडून पळाली त्याचे. मग घराचे आले.

‘तुझ्या आज्याला घराचा लई सोस. त्याच उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकली होती. लोकं एक गाडी टाकायची, त्यानं दोन टाकल्या. म्हनला, पोरं गळक्यात निजायची न्हाईत.’

मुलीचा हात थांबला. दोन गाड्या मातीचे वजन किती होते, आणि ते भिंतीला काय करते, हे त्या घरात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तिने बापाकडे पाहिले नाही. ‘माती कुठून आणली होती, आजी?’ एवढेच तिने विचारले.

‘गावाच्या पांढरीतून,’ आजी म्हणाल्या, आणि बैलांची नावे सांगू लागल्या.