गोवा, १८० दिवस आणि एक हातमोजा

विरारहून सकाळची डहाणू लोकल. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी... आणि मग बोईसर. मुंबईतली मित्रमंडळी विचारतात, ‘रोज एवढ्या लांब?’ खिडकी मिळाली ना बॉस, की काही लांब नाही! अशाच एका खिडकीत बसून मी माझ्या एचआर करिअरमधली सगळ्यात ‘ब्रिलियंट’ आयडिया लिहून काढली होती.

तारापूर एमआयडीसीत आमचा केमिकल प्लांट. सेल्सवाल्यांना दरवर्षी बँकॉक आणि प्लांटवाल्यांना दिवाळीत मिठाईचा बॉक्स. मला ते खटकायचं. म्हणून स्कीम काढली: १८० दिवस एकही अपघात झाला नाही, तर अख्खी टीम तीन दिवस गोव्याला! कॅन्टीनमध्ये बोर्ड लागला, रोज आकडा वाढायला लागला. साहेब खूश. मी तर हवेतच!

आकडा १६२ वर असताना एक ऑपरेटर काका डाव्या हाताने जेवताना दिसले. उजव्या हातात हातमोजा.

‘काका, जेवताना ग्लोव्ह?’

ते नुसतेच हसले. मला राहवेना. शेवटी त्यांनी मोजा काढला. हात मनगटापर्यंत भाजलेला. तीन दिवसांपूर्वी पाइपच्या जॉइंटमधून कॉस्टिक उडालं होतं. डॉक्टर नाही, रजा नाही, घरच्या घरी मलम!

‘मॅडम, पोरांनी नव्या बॅगा घेतल्यात. माझ्यापायी सगळ्यांचा गोवा कशाला घालवू?’

मला काही बोलताच येईना. त्याहून भयंकर म्हणजे तो जॉइंट अजून गळतच होता. मेंटेनन्सला सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं ना! ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी याच एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली होती. इथे केमिकल प्लांटमध्ये छोटी गळती ‘छोटी’ नसते. आणि माझ्या स्कीममुळे अपघात कमी झालेच नव्हते, फक्त ते सांगायचं बंद झालं होतं.

मग थोडं वाचलं. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा खात्याने २०१६ मध्येच बजावलं होतं, की जखम लपवायला लावतील अशी बक्षिसं नकोत. ग्रुप ट्रिपमध्ये तर हा धोका दुप्पट. एकट्याचं बक्षीस बुडालं तर माणूस सहन करतो. पन्नास जणांचं आपल्यामुळे बुडणार म्हटल्यावर तो तोंड उघडेल कशाला?

त्याच दिवशी जॉइंट दुरुस्त झाला, काका डॉक्टरकडे गेले आणि बोर्ड उतरला. गोवा मात्र मी रद्द होऊ दिला नाही. झाला असता, तर सगळे काकांनाच बोलले असते. साहेबांशी दोन तास हुज्जत घातली!

पुढच्या वर्षी सगळंच बदललं. आधी चक्क लोकांनाच विचारलं. तेव्हा कळलं, अर्ध्याजणांना बायको-पोरांना सोडून कुठे जायचंच नव्हतं. मतदान झालं, महाबळेश्वर जिंकलं, सहकुटुंब! प्लांट बंद ठेवता येत नाही म्हणून दोन बॅचेस, तारखा शिफ्टचं वेळापत्रक बघून. ‘टॉप थ्री’ वगैरे नाही; ठरलेली रेषा जी शिफ्ट ओलांडेल, ती जाणार. आणि ती रेषा लोकांच्या हातातल्या गोष्टींची: माल पहिल्या फटक्यात पास होणं, आणि ‘थोडक्यात वाचलो’ असे प्रसंग वेळेवर सांगून दुरुस्त करून घेणं.

कॅन्टीनमध्ये आता पुन्हा बोर्ड आहे. त्यावर कळवलेल्या त्रुटींचा आकडा असतो. सुरुवातीला तो ४१ वर गेला तेव्हा साहेबांना घाम फुटला होता. आता दोन दिवस आकडा हलला नाही, तर तेच राउंडला निघतात.

महाबळेश्वरला काकांनी त्याच हाताने मला स्ट्रॉबेरीचा द्रोण दिला. डाग अजून आहे. म्हणाले, ‘मॅडम, पुढच्या वेळी गोवा हं! पण हिला घेऊनच.’