ओढून घेतलेला दोर

परतीचे दोर कापणें हा वाक्प्रचार मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाहीं. १६७० सालीं सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे कड्याकडे धांवूं लागले, तेव्हां दोर कापल्याचें सांगून सूर्याजीनें त्यांना मागें फिरविलें, ही आख्यायिका आपण बाळपणींच ऐकलेली असते. तींत एक बारीक मुद्दा आहे. दोर कापले ते दुसऱ्यानें. ज्यांना त्यामुळें लढावें लागलें, त्यांचें मत कोणी घेतलें नव्हतें. स्वतःच्या हातानें, शांत चित्तानें, पुढें काय वाढून ठेवलें आहे याचा विचार करून कोणी आपलाच परतीचा दोर काढून घेतो काय? पेन्शनीचा हिशेब करून जगणाऱ्या आमच्यासारख्या प्राध्यापकाला हा प्रश्न पडण्याचें कारण नव्हतें. तो पडला अमेरिकेंतील यूटा राज्यांत, एका अरुंद घळीच्या तळाशीं.

आमची मुलगी सहा वर्षांपूर्वीं शिक्षणासाठीं अमेरिकेस गेली आणि नोकरी लागून तेथेंच राहिली. सुटीच्या दिवशीं ती वाळवंटांतील घळी उतरते, हें आम्हांस ऐकून ठाऊक होतें. परंतु घळ म्हटली कीं आमच्या डोळ्यांसमोर शिवथरची घळ येई, किंवा फार तर साम्रदजवळची सांधण दरी. झायन राष्ट्रीय उद्यानांतील पाइन क्रीकची घळ पाहिली तेव्हां उलगडा झाला. तेथील खडक आपल्या सह्याद्रीसारखा लाव्हारसाचा नव्हे. सुमारें १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वींच्या वाळवंटांतील वाळूच्या टेकड्याच थिजून हा नॅव्हाहो वालुकाश्म झाला आहे. कांहीं ठिकाणीं त्याची जाडी ६०० मीटरांवर भरते, आणि वाऱ्यानें रचलेले वाळूचे तिरपे थर कड्यांवर अद्याप दिसतात. या खडकाला जेथें उभी चीर पडलेली असेल, तेथें पावसाचा लोंढा शिरतो, बरोबर आणलेल्या वाळूनें तळ घासतो, आणि युगानुयुगांच्या या घासण्यानें दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकावे इतकी अरुंद, पण अतिशय खोल अशी घळ तयार होते.

अशा घळींतून जावयाचें तें वरून खालींच. वाटेंत कडे तुटलेले असतात. तेथें एखाद्या अडकलेल्या धोंड्याला किंवा भिंतींत ठोकलेल्या कडीला दोर दुपदरी ओवून उतरावयाचें. शेवटचा मनुष्य खालीं आला कीं एक पदर ओढावयाचा. दुसरा सरसर वर जातो, कडींतून निसटतो आणि सगळा दोर पायांशीं येऊन पडतो. या उतरण्याला रॅपेल म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘परत बोलावणें’. परत बोलावला जातो तो दोर. माणसाची परतीची वाट मात्र त्याच क्षणीं बंद होते.

डोंगर चढणाऱ्याला बहुधा पावलोपावलीं मागें फिरतां येतें. येथें सारें शहाणपण पहिला दोर ओढण्यापूर्वींच खर्च करावयाचें असतें. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं याच उद्यानांतील कीहोल नांवाच्या घळींत उतरलेलीं ७ माणसें अचानक आलेल्या पुरांत मृत्यु पावलीं. तीं सर्व पन्नाशीच्या घरांतलीं, म्हणजे आमच्याच वयाचीं होतीं. १९९७ च्या ऑगस्टमध्यें अ‍ॅरिझोनांतील अँटिलोप घळींत ११ प्रवासी असेच बुडाले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल दूर. त्या प्रदेशांत जुलैपासून सप्टेंबरपर्यंत गडगडाटी पाऊस येतो आणि तेथील लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. म्हणून मुलीनें जूनचा कोरडा महिना निवडला, उद्यानाच्या कचेरींतून परवाना काढला, आणि हवामानाचा अंदाज रात्रीं एकदां व पहाटे एकदां पाहिला.

पाइन क्रीकच्या घळीचें तोंड मोटाररस्त्याच्या बोगद्यापाशींच आहे. १९३० सालीं पुरा झालेला हा १.१ मैलांचा बोगदा मोटारीस कांहीं मिनिटांत पलीकडे पोंचवितो. खालून जाण्यास आम्हांला दिवसाचा मोठा भाग लागावयाचा होता. सौभाग्यवती पलीकडे रस्त्यावर थांबणार होत्या. निघतांना त्यांनीं हवामानाविषयीं कांहीं विचारलें नाहीं. दर रविवारीं फोनवर विचारतात तेंच विचारलें, “परत कधीं येणार ग?”

“चार वाजेपर्यंत,” मुलगी म्हणाली. प्रश्न त्या दिवसाचा नव्हता, हें दोघींनाही ठाऊक होतें.

कमरेला पट्टे, डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगांत जाड रबरी पोषाख. वाळवंटांत हा पोषाख कशास, अशी शंका आम्हांला आली होती. सूर्य न पोंचणाऱ्या डोहांत छातीपर्यंत बुडाल्यावर तिचें निरसन झालें. वर खडक तापत होता आणि खालीं आमचे दांत वाजत होते.

पहिला कडा आम्ही तिघे उतरलों: मुलगी, तिचा एक अनुभवी स्नेही आणि आम्ही. दोर अद्याप वर टांगलेलाच होता. त्याचा एक पदर हातांत धरून मुलगी थांबली.

“बाबा, इथून अजून परत जातां येईल. दोर ओढला कीं मग पुढेंच.”

तिच्या स्वरांत आग्रह नव्हता, धीर देणेंही नव्हतें. तिनें विचारलें होतें आणि उत्तर मिळेपर्यंत ती थांबणार होती. आम्हीं वर पाहिलें. भिंतींच्या मध्यें आकाशाची एक निळी फीत तेवढी उरली होती. सहा वर्षांपूर्वीं विमानतळावर हाच प्रश्न तिनें स्वतःला विचारला असेल, आणि त्या वेळीं उत्तराची वाट पाहत तिच्याशेजारीं कोणी उभें नसेल, असें मनांत आलें. आम्हीं “ओढ” म्हटलें. दोर सळसळत आला आणि पाण्यांत पडला. नंतर जी शांतता पसरली ती भीतीची नव्हती. मागें पाहण्याचें काम संपलें होतें, इतकेंच.

शेवटचा कडा सुमारें १०० फुटांचा. थोडें उतरल्यावर भिंत दूर जाते आणि मनुष्य दोरावर अधांतरीं लोंबूं लागतो. तिचा स्नेही वर राहून आमच्या गांठी तपाशीत होता. मुलगी आधींच उतरून दोराचीं खालचीं टोकें धरून उभी होती. उतरणाऱ्याचा हात सुटलाच, तर खालच्यानें दोर ताणावयाचा. म्हणजे कमरेजवळचें साधन दोराला आवळतें आणि मनुष्य जागच्या जागीं थांबतो. तिला सायकल शिकवितांना आम्ही मागें धरून धांवत असूं. येथें धरणारें माणूस बदललें होतें.

दोर ओढून घेणें हें वरवर पाहतां कठोर वाटतें. परंतु पहिल्या कड्यावरच तो टांगून ठेवला, तर दुसऱ्या कड्यावर बांधणार काय? मागें नेणारा दोर आणि पुढें उतरविणारा दोर एकच असतो. दोन्ही कामांना तो एकाच वेळीं पुरत नाहीं. गडावरचे कापलेले दोर वायां गेले. घळींतला दोर कोणी कापीत नाहीं. तो माणसाबरोबर येतो आणि पुढच्या प्रत्येक कड्यावर त्याचा भार सोसतो. मुलांना आपण जें कांहीं दिलेलें असतें, तें आपल्यापाशीं परत येण्यासाठींच दिलें होतें, असा हट्ट धरण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

मात्र एक गोष्ट वर पाहिल्याखेरीज दिसत नाहीं. हा दगड नरम असल्यामुळें वारंवार ओढल्या गेलेल्या दोरांनीं कड्यांच्या कांठांवर बोटभर चर पडले आहेत. जाणतीं माणसें दोर अशा बेतानें ठेवतात कीं, ओढतांना कांठाला घांसणी कमी लागावी. आमची मुलगी दर वेळीं तशी खटपट करी, आणि तिला त्यांत चार-दोन मिनिटें जात. मुलांनीं दोर ओढून न्यावा हेंच योग्य. ओढतांना वरच्या दगडाकडे एकवार पाहिलें म्हणजे झालें.