वाईच्या वाटेवरील टकटक

वाईस जावयाचें म्हणजे ढोल्या गणपतीचें दर्शन घ्यावयाचें, संध्याकाळीं कृष्णेच्या घाटावर बसावयाचें, आणि सवड असल्यास मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा पाहून यावयाचें, हा आमचा नेहमींचा परिपाठ. परंतु सन २०१८ च्या माघांत वाईस आमचा जो मुक्काम पडला तो निराळ्याच कारणानें. त्या वेळीं जें शिकावयास मिळालें तें मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल, म्हणून येथें निवेदन करितों.

माझी वडील बहीण अक्का त्या वेळीं ब्याऐंशी वर्षांची होती. तिचें सासर वाईचें. "गुडघे आतां साथ देत नाहींत. एकवार कृष्णेचा उगम दाखव," एवढीच तिची मागणी. म्हणून घरच्या जुन्या गाडींतून आम्ही पुण्याहून क्षेत्र महाबळेश्वरास निघालों. गाडी चिरंजीव चालवीत होते, शेजारीं मी, आणि मागें अक्का, सूनबाई व नात.

खंबाटकीच्या चढावर सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, इंजिनांतून पुन्हां ती टकटक येते आहे." हें त्यांनीं महिन्यापूर्वींही एकदां सांगितलें होतें. मीं उत्तर दिलें, "जुनी गाडी घाट चढते आहे. माणूससुद्धां धापा टाकतो!" चिरंजीवांनीं तर रेडिओचा आवाज वाढविला. सुरूर फाट्यावरून वाईच्या रस्त्यास लागलों, तों एका वळणावर तेलाचा तांबडा दिवा क्षणभर लुकलुकला. "वायर सैल असेल," चिरंजीव म्हणाले. सूनबाईंनीं या वेळीं स्वर चढविला, "अहो, आधीं गाडी थांबवा."

रस्त्याच्या कडेच्या एका वडाखालीं सपाट जागा पाहून गाडी उभी केली व इंजिन बंद केलें. दहा मिनिटांनीं तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हां घालून काढली. केवळ टोंक ओलें होतें. हा दिवा तेल किती आहे तें दाखवीत नाहीं, तेलाचा दाब पडला म्हणजे पेटतो. म्हणून तो पेटल्यावर एक फर्लांगही पुढें जाणें म्हणजे इंजिनाचा घात करणें होय. चिरंजीव एस. टी. नें वाईस जाऊन तेलाचा डबा घेऊन आले. थोडथोडें ओतून, पट्टी पाहत पाहत, खुणेपर्यंत भरलें. दिवा विझला, आवाज मंदावला, पण थांबला नाहीं. तशीच हळूहळू गाडी वाईच्या एका वृद्ध मिस्त्र्याकडे नेली.

आतां इंजिन खोलणार, हजारों रुपये जाणार आणि अक्काची यात्रा राहणार, अशी मला धास्ती. पण मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, आधीं ऐकूं तरी द्या." त्यानें गाडी उभीच ठेवून इंजिनाचा वेग वाढविला. टकटकही जलद झाली. गाडी न हालतां आवाज येतो, अर्थात् दोष चाकांचा नव्हे. मग पट्टा उतरवून क्षणभर इंजिन चालविलें. आवाज तसाच, म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांचाही तो नव्हे. शेवटीं लांब पेंचकसाची मूठ कानाशीं धरून, फिरते भाग टाळून, त्याचें टोंक त्यानें ठिकठिकाणीं टेकविलें. खालीं आवाज क्षीण, वरच्या झांकणावर स्पष्ट. "खालून जड ठोके आले असते, तर गाडी येथून हलूं दिली नसती. हे टॅपेट आहेत."

ज्या वाईंत प्राज्ञपाठशाळेनें शास्त्राध्ययनाची परंपरा राखिली, तेथें अन्वय-व्यतिरेकाचा असा प्रयोग मला तेलकट हातांचा एक मनुष्य दाखवीत होता! मीं आयुष्यभर धूम आणि अग्नि यांचें उदाहरण मुलांस शिकविलें, आणि घरांतल्या धुराकडे मात्र पाठ फिरविली.

"तेल शेवटचें कधीं पाहिलेंत?" त्यानें विचारलें. गाडीची वही माझ्याकडे. किलोमीटर थोडे झाले म्हणून चौदा महिने मीं पट्टीस हात लाविला नव्हता. झांकणाखालचें गॅस्केट मात्र गाडी उभी असतांही झिरपत होतें. दोष माझाच होता, आणि तो मीं सर्वांसमक्ष कबूल केला.

टॅपेटची फट इंजिन पूर्ण निवाल्यावर मोजावयाची होती, म्हणून रात्र वाईंत काढणें प्राप्त झालें. त्या संध्याकाळीं अक्का घाटावर बसून, नवी नवरी असतांना आपण कोणत्या पायरीवर धुणें धूत होतों तें नातीस दाखवीत होती. इतकी बोलकी ती मला कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

सकाळीं मिस्त्र्यानें पातळ पट्ट्यांच्या मापकानें प्रत्येक फट पुस्तकांतील मापाप्रमाणें बसविली, गॅस्केट बदललें, आणि इंजिन सुरू करून मला म्हणाला, "आतां तुम्ही ऐका." टकटक नव्हती. पसरणीचा घाट चढतांना कोणीच बोलत नव्हतें. सर्वांचे कान पुढें लागलेले. पांचगणीस पोंचल्यावर सूनबाईंनींच हंसून रेडिओ लाविला.

क्षेत्र महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळांत गोमुखांतून पडणारें पाणी अक्कानें ओंजळींत घेतलें व बराच वेळ तसेंच धरून ठेविलें. परत आल्यावर गाडीची वही मीं सूनबाईंच्या स्वाधीन केली. तेव्हांपासून दर पंधरवड्यास पट्टी पाहिली जाते, आणि घरांत कोणीं "आवाज येतो आहे" म्हटलें कीं मी अगोदर रेडिओ बंद करितों.