पावांचा हिशेब

आंतरवासितेसाठी डिचोलीच्या एका माध्यमिक शाळेत पाऊल ठेवलं, तेव्हा माझी पाठटाचणं चोख होती. २०१४च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले २० आठवडे शाळेत काढणं बंधनकारक झालं. इतके आठवडे तिथे करायचं काय, असा प्रश्न मला फोंड्याला वर्गात बसून पडायचा. इतिहासाचे पाठ घ्यायचे, निरीक्षणवही भरायची, यापलीकडे शाळा मला माहीतच नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. "आठवीला नार्व्याला, सप्तकोटेश्वराच्या देवळात घेऊन जा. सगळं तुम्हीच ठरवायचं."

पालकांची संमतीपत्रं, बस, पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी. मी यादी केली, मुलांचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक प्रश्न दिला. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं कुलदैवत. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं आणि देव नदीपलीकडे नार्व्याला आला. दारावरच्या शिलालेखासमोर मुलं माना वर करून उभी राहिली. "शके १५९०," एकाने वाचलं. "म्हणजे कोणतं साल?" मी विचारलं. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर मिळवले तर १६६८." एरवी वर्गात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. शिवाजी महाराजांनी हे देऊळ पुन्हा उभारायला लावलं, ते हेच वर्ष. परतताना बसमध्ये मी तीनदा मुलं मोजली. अडतीसच्या अडतीस. मन भरून आलं होतं.

शाळेच्या ओट्यावर माध्यान्ह आहार देणाऱ्या स्वयंसाहाय्य गटातल्या काकी बसल्या होत्या. बाजूला भाजीचं भांडं आणि पावांची पिशवी. आठवी त्या दिवशी शाळेत नसणार, हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं काम माझं होतं. गोव्यात बहुतेक शाळांना हा आहार असे महिलांचे गट पुरवतात. पहाटे उठायचं, भाजी चिरायची, पाव आदल्या दिवशी सांगून ठेवायचे. मधल्या सुटीपासून त्या आमची वाट पाहत बसल्या होत्या.

"बाय, एक फोन केला असतास तर पाव तरी कमी सांगितले असते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी माफी मागितली. मुलांना जेवून घ्यायला सांगितलं, पण सहलीचे डबे खाऊन त्यांची पोटं भरली होती. बरीचशी भाजी तशीच परत गेली.

त्या रात्री मी पाठटाचणाच्या वहीत मागच्या पानावर नावं लिहिली: आहाराच्या काकी, शिपाईमामा, बसचालक, कार्यालयातल्या लिपिक बाई. माझ्या योजनेत मुलं होती, इतिहास होता, वेळापत्रक होतं. ज्यांच्या कष्टांवर शाळेचा दिवस उभा राहतो, ती माणसं नव्हती. पुढाकार घेणं म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणं, असं मी समजत होते. पण आपल्या एका निर्णयाने कुणाकुणाचा दिवस बदलणार आहे, हे आधी ओळखणं हाच त्याचा पाया आहे. बी.एड.च्या मुलांना शाळेत हवं तर कमी पाठ घ्यायला लावा, पण एक अख्खं काम अंगावर घेऊ द्या, असं मी आज कळकळीने सांगते ते यामुळेच.

आता मी पेडणे तालुक्यात शिकवते. गेल्या वर्षी गणेशचतुर्थीच्या, म्हणजे आमच्या चवथीच्या आधी मुलांनी शाळेत माटोळी बांधली; गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची चौकट. कवंडळ, शेरवड, नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं. कुठलं फळ कुठल्या डोंगरावर मिळतं, हे सांगायला मुलांच्या आज्या आल्या. वर्ग त्यांनीच घेतला. आमच्याकडे शिकायला आलेल्या छात्राध्यापिकेवर मी सगळी तयारी सोपवली होती. आदल्या दिवशी तिने यादी दाखवली. फळं होती, दोऱ्या होत्या, आज्यांची नावं होती.

"आणखी कुणाला सांगायचं राहिलंय?" मी विचारलं.

तिने क्षणभर यादीकडे पाहिलं, फोन उचलला आणि आहाराच्या गटाला सांगितलं, "काकी, उद्या आज्याही जेवायला आहेत. त्यांच्यासाठीचे पाव आमच्याकडून. किती लागतील, तेवढं सांगा."